आधी पेट्रोल, मग हवा

उर्दू शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईने मोटारीच्या इंधनव्यवस्थेवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेले दोन महिने नांदगावच्या आमच्या अंगणात एक जुनी जिप्सी उभी आहे आणि माझा धाकटा भाऊ तिच्या पोटात डोके घालून बसला आहे. आमच्या समाजात गॅरेजवाले पुष्कळ. त्यांच्या हातातल्या विद्येवर लिहिणारे मात्र कोणी दिसत नाही. म्हणून हा खटाटोप.

जिप्सीचा मालक नाशिकचा, मोकळ्या मैदानावरच्या शर्यतींचा शौकीन. त्याला इंजिनावर सुपरचार्जर बसवून हवा होता. इंजिन स्वतःच्या श्वासाने जेवढी हवा ओढते, तिच्यापेक्षा जास्त हवा आत कोंबणारे हे यंत्र. ते इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरते. मूळ कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६०मध्ये अशा हवायंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. १८८५मध्ये जर्मनीच्या डाइमलरने ती इंजिनासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात घेतलेल्या ड्युसेनबर्ग मोटारीला सुपरचार्जर होता. राजेरजवाड्यांचा तो शौक आता जपानी गाड्यांच्या भंगारातून आमच्या ओसरीपर्यंत आला, एका खोक्यात.

भावाने मालकाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली. ही गाडी पुन्हा सडकेवर चालवायची नाही, ट्रकवर चढवून आणायची आणि तशीच न्यायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने बनवलेली मूळ रचना मालकाला आपल्या मर्जीने बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मालकाने मान डोलावली. पण दुसरी गोष्ट त्याला पटेना. भाऊ म्हणत होता, सुपरचार्जर शेवटी लावू. आधी पेट्रोलची वाट रुंद करू.

“हवा तो कोई बी डालेंगा, आपा. पेट्रोल कां से आयेंगा?” संध्याकाळी तो मला म्हणाला. त्याला उत्तर ठाऊक होते, आकडे नव्हते. आकड्यांसाठी तो माझ्याकडे आला होता.

मी पुण्याच्या बालभारतीची उर्दू पुस्तके शिकवते. त्यांत गुणोत्तराला ‘निस्बत’ म्हणतात. आमच्या घरात निस्बत म्हणजे सोयरीक. भावासाठी सध्या तीही शोधली जात आहे आणि मुलीकडचे पहिल्यांदा हेच विचारतात, “लडका करता क्या है?” गॅरेज म्हटले की चहाचा कप जरा लवकर खाली ठेवला जातो. म्हणून हवा आणि पेट्रोलची निस्बत काढायला बसलो तेव्हा अम्मी म्हणाली, “पहले अपनी तो कर.”

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. पूर्ण जोर घेताना मात्र मिश्रण जरा दाट, साडेबाराला एक असे ठेवतात. बाहेरच्या हवेचा दाबही १४.७ पीएसआय. दोन्ही आकडे सारखे दिसल्याने भाऊ गोंधळला होता. पहिला आकडा निस्बत आहे, दुसरा दाब. सारखेपणा निव्वळ योगायोगाचा. हे कळल्यावर पुढचे सोपे झाले.

जिप्सीचे इंजिन १२९८ सीसीचे. दोन फेऱ्यांत ते एकदा तेवढी हवा ओढते. मिनिटाला ६००० फेऱ्या धरल्या तर सुमारे ३९०० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून १५ टक्के वजा केले. उरले ३३०० लिटर. लिटरला १.२ ग्रॅम या हिशेबाने जवळजवळ ४ किलो हवा. तिला लागणारे पेट्रोल ३२० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला ४३० मिलिलिटर. सुपरचार्जरने ७ पीएसआय दाब वाढवला की हवा जवळजवळ दीडपट होते. पेट्रोलही दीडपट हवे, म्हणजे ६४० मिलिलिटर. इंजेक्टर चार, तेव्हा प्रत्येकाने १६० मिलिलिटर द्यायला हवे. दाबलेली हवा तापून थोडी विरळ होते, त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी लागेल. पण त्या भरवशावर पिस्टन ठेवता येत नाही.

मग मोजणी. नाशिकहून मी एक मोजपात्र आणले. एकेक इंजेक्टर उघडा ठेवला तेव्हा मिनिटाला १८० मिलिलिटर पेट्रोल मिळाले. पुरेसे वाटते ना? पण इंजेक्टर सतत उघडा ठेवून चालत नाही. त्याच्या क्षमतेच्या ८० टक्के हीच भरवशाची मर्यादा. ती येते १४४. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे १६ मिलिलिटर कमी, खोकल्याच्या औषधाचे जेमतेम तीन चमचे. पण तेवढ्याने मिश्रण पातळ होते, आतली उष्णता वाढते, ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल जागोजागी भडकते. बाहेर नुसती टकटक ऐकू येते, आत पिस्टनला भोक पडते.

पंपाचाही हिशेब झाला. आमच्याच तालुक्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे मोठे डेपो आहेत. तिथे पेट्रोल मुंबईहून पाइपलाइनने येते. दाब आणि प्रवाह शिकवताना मी मुलांना तेच उदाहरण देते. समोरचा दाब वाढला की त्याच पंपाचा प्रवाह कमी होतो. इथेही तेच. हवा आत दाबली जात असेल तर इंजेक्टरमागचा दाब तेवढाच चढवावा लागतो आणि नेमक्या त्या वेळी जुना पंप थकतो. म्हणून जास्त क्षमतेचा पंप, त्याच्यासाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि रिले, नवा फिल्टर, मिनिटाला २२० मिलिलिटर देणारे इंजेक्टर. नळ्याही बदलल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुने रबर त्याने खराब होते, शिवाय इथेनॉलला हवा कमी पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल आणखी जास्त लागते. ती वाढही आम्ही हिशेबात धरली.

घरातल्या अंगणात हे काम करायचे म्हणजे जिवाशी गाठ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते. भावाने आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवले, म्हणजे नळीतला दाब उतरला. मग बॅटरीची तार सोडली. टाकी उतरवली त्या दिवशी अम्मीचा गॅस बंद, शेजारच्या घरी डबा. वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझवण्याचे नळकांडे दारात. मुलांना गल्लीच्या टोकाला उभे केले होते.

तिसऱ्या आठवड्यात मालक चिडला. दुसरा कोणी दोन दिवसांत बसवून देतो म्हणाला. अनामत रक्कम भावाच्या हातून खर्च झाली होती. ती परत करायची तर माझ्या पगारातूनच. घरात कोणी बोलले नाही. भावाने मोजपात्र काढले, जुना इंजेक्टर लावला, मिनिटभर पेट्रोल पडू दिले. मग नवा लावला. दोन्ही पातळ्यांवर खडूने खुणा केल्या आणि वहीतला हिशेब पुढे ठेवला. डाव्या बाजूला माझे उर्दू अक्षर, उजव्या बाजूला मालकासाठी त्याने मराठीत उतरवलेले. मालक बराच वेळ पाहत राहिला. “किती दिवस लागतील?” एवढेच विचारले.

भाऊ दहावीपर्यंत उर्दूत शिकला, आयटीआयला पुस्तके मराठीत आली, गाडीचे मॅन्युअल इंग्रजीत. तीन भाषांच्या मधल्या फटींत आमची कितीतरी हुशार मुले गळून पडतात, आणि मग आपणच म्हणतो, “पढाई में दिल नहीं लगा.” त्याचे मन लागले होते. त्याला शब्द पुरवणारे कोणी नव्हते. शाळेच्या सभांतून मी दरवर्षी ऐकते: मुलांना स्पर्धेत उतरवा, मोठी स्वप्ने दाखवा, जोर लावा. ते ऐकताना आता मला तीन चमचे पेट्रोल आठवते. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या नाहीत, विज्ञानाच्या तासाला शिक्षक नाही, आठवीच्या मुलाला दशांश अपूर्णांक येत नाही, आणि वरून हवा कोंबणे चालू आहे. टकटक ऐकू येते, पण ती आपण वयाचा दोष मानतो.

इंधनाचे काम संपले आहे. दाबमापकाचा काटा हवा तिथे स्थिर आहे, नळ्या कुठे पाझरत नाहीत. सुपरचार्जर अजून ओसरीवर खोक्यातच आहे, गोणपाट पांघरून. पुढच्या आठवड्यात तो चढेल. मागच्या रविवारी चाळीसगावहून पाहुणे आले. “लडका करता क्या है?” हा प्रश्न आला तेव्हा अम्मीने उत्तर दिले नाही. तिने आतून ती वही आणून त्यांच्यासमोर ठेवली.