चिर्र चिर्र कुठून येतंय?

आमच्या सातपूरच्या घरात माझी एक सवत नांदते. हसू नका! १९६७ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड मोटार आहे ती. मद्रासला १९६१ पासून ह्या गाड्या बनत, इंग्लंडातल्या ट्रायम्फ हेरल्डच्या घाटाच्या. त्याच गाडीच्या सांगाड्यावरून तिकडे स्पिटफायर नावाची दोघांपुरती स्पोर्ट्स कार निघाली, म्हणून आमचे हे आमच्या म्हातारीलाही ‘स्पोर्ट्स कार’च म्हणतात. रविवारी तिची आंघोळ आधी, मग ह्यांची.

गेल्या दिवाळीनंतर ही सवतबाई चिरचिरायला लागली. अगदी बारीक, चिमणीच्या पिल्लासारखं. वेग वाढला की भरभर, कमी झाला की सावकाश.

“अहो, ऐकलंत का?”

“काय?”

“चिर्र चिर्र वाजतंय काहीतरी.”

“काही नाही गं, तुला भास होतोय.”

हे ‘भास होतोय’ किती झोंबतं, ते तुम्हाला सांगायला नको. मीही पदर खोचला. डिकी रिकामी केली, जॅक आणि पाने गोणपाटात गुंडाळले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. सीटखाली नातवाची गोटी सापडली, पण चिरचिर तशीच.

मग कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ह्यांना घेऊन वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर गेले. उभ्या गाडीत इंजिन जोरात फिरवून पाहिलं, आवाज नाही. चालत्या गाडीत गिअर काढून ती नुसती घरंगळू दिली, तरी चिर्र चिर्र चालूच. म्हणजे इंजिन निर्दोष. चाकांबरोबर फिरणारंच काहीतरी बोलत होतं. ब्रेक दाबला तरी फरक नाही. शेवटी काचा खाली करून एका लांबलचक कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी चालवायला लावली. भिंतीवर आपटून आवाज स्वच्छ परत येतो. गाडीच्या पोटाखालून, मधोमध येत होता.

“आता तरी आलं ना ऐकू?” मी विजयानं विचारलं.

ह्यांनी मान बाहेर काढली होती. कपाळाला आठ्या घालून, जीव एकवटून ऐकत होते. थट्टा करत नव्हते. मला पहिल्यांदाच कसंतरी झालं.

मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस कोरडा पडला होता. भोवती कुंकवासारखी लाल गंजाची पूड. “काकू, बरं झालं आणलीत. तुटला असता तर शाफ्ट रस्त्यावर आला असता.” त्यांनी हातानं शाफ्ट फिरवला. चिर्र! ह्यांचा कान तिथून वीतभर लांब होता. हे विचारत होते, “वाजतोय का?”

मिस्त्री माझ्याकडे बघून गप्प झाले.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. खालच्या पट्टीतले आवाज ठीक. ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ विहिरीत पडावी तशी खाली. प्रेसशॉपमध्ये ३२ वर्षं काढल्याची ही खूण. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलपेक्षा जास्त आवाज कानावर पडू नये असा नियम आहे, पण त्या काळी हे कानात कापसाचे बोळे घालत. कापसानं जवळजवळ काहीच अडत नाही, म्हणाले डॉक्टर. कानात नीट बसणारे प्लग नाहीतर कान झाकणारे मफच हवेत. आतल्या कानाच्या सूक्ष्म पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी जातात ते बारीक आवाज: पैंजण, लहान मुलांचं बोलणं, बायकांच्या शब्दांतले स आणि त.

‘तू तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस,’ हे नेहमी म्हणायचे. ‘तुमचं लक्षच नसतं माझ्याकडे,’ असं म्हणून मी कितीदा ताट आपटलं असेल, देव जाणे. रात्री झोप लागली नाही मला. तुमच्यापैकी कुणाचे यजमान यंत्रावर काम करत असतील, तर आज पाळी सुटून आल्यावर पाठीमागून हळूच हाक मारून बघा. आणि चाचणी करून घ्या, दुखत नाही काही.

श्रवणयंत्राला हे अजून तयार नाहीत. चष्मा चालतो, ते चालत नाही! माझं रोजचं टुमणं चालू आहे.

नवा क्रॉस बसवल्यावर आम्ही त्र्यंबक रस्त्यानं अंजनेरीपर्यंत गेलो. अर्ध्या वाटेत ह्यांनी गाडी हळू केली, काच खाली घेतली आणि म्हणाले, “ऐक बरं. आहे का काही?”

मी ऐकलं. “काही नाही,” म्हटलं. जरा मोठ्यानं.