थाळनेरचा किल्लेदार

थाळनेरला किल्ला शोधावा लागतो. तापीच्या काठावर ढासळलेला एखादा बुरूज, मातीत मिसळत चाललेली तटाची भिंत. फारुकी घराण्याची ही पहिली राजधानी, मलिक राजाची कबर इथेच आहे. पण खान्देशात दिवाळीला मुलं चिखलाचे किल्ले करतात तेव्हा रायगड करतात, प्रतापगड करतात. मीही लहानपणी तेच केले. थाळनेर कुणी केल्याचं मला आठवत नाही.

एका डिसेंबरात आम्ही चौघे तीन दिवस तिथे राहिलो, मित्राच्या आजोळी, धाब्याच्या घरात. खेळायला गेलो होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, त्या जातीचा खेळ. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेका पात्राच्या तोंडून बोलतात, आणि जिथे नशिबाचा प्रश्न येतो तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आर्नेसनच्या डोक्यात हा खेळ आकाराला आला तोच एका काल्पनिक किल्ल्याखालच्या भुयारांत. युरोपात लोक खऱ्या जुन्या किल्ल्यांत चार-चार दिवस मुक्काम करून तो खेळतात. आम्हाला राक्षस नको होते. आम्ही 27 फेब्रुवारी 1818 हा दिवस खेळायला घेतला.

त्या दिवसाची हकिकत थोडक्यात अशी. जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी खान्देशातला मुलूख इंग्रजांना दिला. थाळनेरच्या किल्लेदाराने, तुळशीराम मामाने, किल्ला सोडला नाही. जनरल हिस्लॉपच्या तोफा सुरू झाल्या. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आत शिबंदी होती, त्यात बरेच अरब. अटी काय, कुणाला काय समजलं, याचा घोळ होता. काही इंग्रज अधिकारी दिंडीतून आत शिरले, बाचाबाची झाली, दोन अधिकारी मारले गेले. मग सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली आणि तुळशीरामला फाशी दिलं. या फाशीबद्दल पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येही प्रश्न विचारले गेले.

किल्लेदार माझ्या वाट्याला आला.

पहिल्या संध्याकाळी मित्राची आजी अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती. आमचे कागद, फासे पाहून तिने विचारलं, “ह्या सोंगमा तू कोन शेस?” मी सांगितलं. ती वांगं उलटवत म्हणाली, “मंग तू वाचशी नही.” सोंग हा शब्द तिने सहज वापरला. आमच्याकडे या खेळाला तोवर मराठी शब्द नव्हता.

नियम एकच होता: पुढचं माहीत असलं तरी ते वापरायचं नाही. मला वाटलं होतं, मी जास्त शहाणा निघेन. पुस्तकात वाचताना तुळशीरामच्या चुका लख्ख दिसायच्या. वेळेवर किल्ला का दिला नाही? द्यायचाच होता तर सगळ्यांना घेऊन का उतरला नाही? पण मित्राने विचारलं, “तह तुमच्या धन्याने केला, तुम्हाला त्याचा कागद कोणी दाखवला?” आणि मी गप्प झालो. परक्याच्या शब्दावर धन्याचा किल्ला कसा सोडायचा? दोन दिवस मी एकेक पाऊल विचार करून टाकलं, आणि प्रत्येक पाऊल त्याच्याच पावलावर पडलं. ‘तो असा का वागला’ या प्रश्नाचं उत्तर सोपं असतं, कारण शेवट माहीत असतो. ‘मी काय करू’ विचारलं की शेवट नाहीसा होतो, समोर फक्त तोफा आणि आतली माणसं उरतात.

तिसऱ्या रात्री मीही बाहेर पडलो. तीनशे माणसं वाचण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. हे लिहितानाही दिसत नाही. दिंडीवरचा पहारेकरी दुसऱ्या मित्राकडे होता. समोरचे काय म्हणतात ते त्याला कळलं का, यासाठी त्याने फासा टाकला. चार पडले. कंदिलाभोवती बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग गोष्ट चालवणाऱ्याने मला विचारलं, “किल्लेदार, तुम्ही कुठे बघताय?”

“मागे,” मी म्हणालो. “दिंडीकडे.”