परसातील घुमट

सिंदखेड राजा येथील लखुजीराव जाधवांच्या समाधीचा घुमट मी प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेत. आणि त्याच सुमारास खामगावच्या बाजारपेठेत एका बेकरीच्या भट्टीत डोकावताना, कमरेइतका उंच, काजळीने माखलेला, परंतु रचनेने त्या समाधीचाच सगोत्र असा दुसरा घुमट माझ्या दृष्टीस पडला. ज्या विद्येने सरदाराच्या स्मृतीवर छत्र धरले, तीच पावाच्या लादीलाही आश्रय देते, या विचाराने तेव्हा लाभलेले समाधान आजतागायत ओसरलेले नाही.

सेवानिवृत्तीनंतर बुलढाण्याच्या घराच्या परसात, नातवंडांच्या पिझ्झाचे निमित्त करून, मी भट्टी बांधावयास घेतली. आमच्या वऱ्हाडची काळी माती कापसाला कितीही मानवली तरी या कामी निरुपयोगी. पाणी पिऊन ती फुगते आणि सुकताना भेगाळते. म्हणून धाब्याच्या घरांवर पिढ्यान्‌पिढ्या पसरली जाणारी गढीची पांढरी माती आणवली, तीत गव्हाचा भुसा घालून ती पायांनी तुडविली, आणि ओल्या वाळूचा ढीग हाच साचा मानून त्यावर विटांचे थर चढवीत नेले. दाराची उंची आतल्या घुमटाच्या शेकडा ६३ च्या आसपास असावी, असे भट्टीवाल्यांचे प्रमाण आहे. दार याहून उंच झाले तर ऊब निसटते, ठेंगणे राहिले तर धूर कोंडतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर घुमटाला बुडापासून शेंड्याकडे जाणारी उभी भेग पडली. गवंड्याने सिमेंटची शिफारस केली, ती मी नाकारली; कारण भट्टीच्या दाहात सिमेंटमध्ये रसायनरूपाने बांधलेले पाणी निघून जाते आणि ते ठिसूळ होते. शिवाय घुमटाचा भार त्याच्या बुडाला सर्व बाजूंनी बाहेर रेटीत असतो, त्यामुळे तेथे भेग उभीच पडणार; तिला दडपण्यापेक्षा सामावून घेणारी मातीच तिच्यात भरणे मला अधिक न्याय्य वाटते. सुरीने भेग रुंद केली, पाण्याचा हबका मारला, तोच चिखल अंगठ्याने आत दाबला, आणि आतली ओल वाफ होऊन फुटू नये म्हणून काही दिवस केवळ काटक्यांचा मंद जाळ ठेवला.

आता बाभळीची लाकडे धडाडून पेटतात आणि काजळी जळून विटा पांढऱ्या पडतात, तेव्हा भेग केसाएवढी उघडते व निवताना मिटते. दरसाल पावसाळ्यापूर्वी तिला नवा चिखल मिळतो. पिझ्झा उरकल्यावर त्याच उबेत, एरवी गोवऱ्यांच्या आरावर भाजावयाचे रोडगे सौभाग्यवती ठेवतात, आणि वांग्याची भाजी होईतो ते खरपूस होतात.