कबरीची माणसं

कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं कोकणात सर्रास म्हणतात. आमच्या कबरीकडे पाहून मला हे कधी पटलं नाही.

ती गोठ्यातल्या गवतात जन्मली. पांढरं अंग, त्यावर काळे नि तांबूस डाग. असं तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि काळा-तांबडा दोन्ही एकत्र दिसायला अशी दोन गुणसूत्रं लागतात. आजीला गुणसूत्रं ठाऊक नव्हती, पण पिल्लाचे डोळे उघडायच्या आधीच ती म्हणाली, "भाटी आहे ही." तांदूळ निवडायला बसली की ती पिल्लाला मांडीवर घेई. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाचा हात लागला, तर मांजर पुढे सहज माणसाळतं. कबरीला तो हात आजीचा मिळाला.

मोठी झाल्यावर घरातल्या प्रत्येकाशी तिचं वेगळं होतं. बाबा शाळेतून आले की ती शेपटी उभी करून पुढे जाई आणि गालापासून पोटापर्यंत सगळं अंग त्यांच्या पायाला घाशी. तोंडातून आवाज नाही. ब्रिस्टल विद्यापीठातले जॉन ब्रॅडशॉ यांनी लिहिलं आहे की, मांजर ओळखीच्या मांजराला जसं भेटतं तसंच आपल्याला भेटतं. माणसासाठी त्याची निराळी रीत नाही. दादाच्या पायाला ती दाराआडून झडप घाली. माझ्यापासून हातभर दूर, खिडकीत बसे आणि मी वाचताना मान वर केली की डोळे अगदी सावकाश मिटून उघडी. मीही तसंच करी. ससेक्समधल्या मानसशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये हेच तपासलं, तेव्हा असे डोळे मिटणाऱ्या माणसाला मांजरं तशीच साद देतात आणि त्याच्याजवळ येतात, असं दिसलं.

बोलायची मात्र फक्त आजीशी. मोठी मांजरं एकमेकांशी सहसा म्याव करत नाहीत. पिल्लू आईला हाक मारतं तो हा आवाज. पहाटे ती आजीच्या उशाशी घुरघुरे, त्या घुरघुरीत एक बारीक रडका सूर मिसळलेला असे. आजी लगेच उठे. "भूक लागलीय हिला," म्हणे. मांडीवरची घुरघुर निराळी, हे तिला पक्कं माहीत होतं. संशोधक कॅरन मॅकोम्ब यांनी 2009 मध्ये ही मागणीची घुरघुर ध्वनिमुद्रित करून दाखवली. तिच्यातला तो सूर तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीत असतो.

पहिल्या खेपेची पिल्लं तिने गोठ्यात घातली आणि त्यांचे डोळे उघडायच्या सुमाराला एकेकाला मानेला धरून आजीच्या वळकटीत आणून ठेवलं. आजी रात्री अंथरूण घालायला गेली तर आत चार जीव. तिने वळकटी तशीच ठेवली आणि स्वतः चटईवर झोपली. त्यानंतर आजी माजघरात असली की कबरी निर्धास्त बाहेर पडे. आजी उठून परसात गेली की कुठूनशी परत येऊन पिल्लांत बसे. मोकाट मांजरांच्या जथ्यात आया, बहिणी, लेकी एकमेकींची पिल्लं सांभाळतात, पाजतातही. कबरीला घरात आई नव्हती, बहीण नव्हती. एरवी परका वास आला तरी पिल्लं हलवणारी ही बाळंतीण, पण तिने ती आजीच्या वासात आणून ठेवली. इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकल्याचं मला आठवत नाही.

दादाला रत्नागिरीत नोकरी लागली आणि गावचं घर बंद झालं. कबरी फ्लॅटमध्ये टिकणार नाही, पळून जाईल, असं सगळे म्हणाले. सुरुवातीला ती पलंगाखाली दडून राहिली, खाई ते रात्री. मग आजी जमिनीवर बसली की हळूच बाहेर येऊ लागली. एक खोली हुंगून यायची, आजीच्या गुडघ्याला डोकं लावायची, मग पुढची खोली. आजी आत गेली की पुन्हा पलंगाखाली. ऑरेगॉन राज्य विद्यापीठात 2019 मध्ये पिल्लांना अनोळखी खोलीत मालकाबरोबर ठेवून पाहिलं होतं. मालक दोन मिनिटं बाहेर जाऊन आल्यावर जी पिल्लं त्याला भेटून पुन्हा निवांतपणे खोली धुंडाळू लागली, ती 100 तली सुमारे 64 होती. तान्ह्या मुलांचं आईशी जे नातं मोजतात, तेच हे. कबरीने आजीच्या आधाराने सगळा फ्लॅट आपला केला.

आजी गेल्यावर कबरी कित्येक दिवस गप्प होती. मग एका सकाळी ओट्यापाशी येऊन तिने मला हाक मारली. तोवर ती माझ्याशी एकदाही बोलली नव्हती.

म्हातारपणी तिची मूत्रपिंडं थकली, पाणी फार पिऊ लागली, अंग झडलं. डॉक्टर घरी येऊन कातडीखाली सलाईन देत. तेव्हा मला, दादाला, कुणालाच ती हात लावू देत नसे. बाबांनी खुर्चीत बसून मांडीवर टॉवेल पसरला की आपण होऊन चढे आणि सुई निघेपर्यंत तिथेच राही.