साठीतला रॉकी

ज्या कथेचा शेवट एकदा झाला, मग पुन्हा पुन्हा झाला आणि पाचव्या खेपेस तर चाहत्यांच्या मनात खंत ठेवून झाला, ती कथा सोळा वर्षांनी परत उघडण्याचा अधिकार तिच्या कर्त्यास आहे काय, या प्रश्नावर २००७ च्या उन्हाळ्यात नांदेडच्या वजिराबादेतील एका माडीवर आम्हां मित्रमंडळींत जो वाद उपस्थित झाला, तो अद्याप फैसल झालेला नाही; आणि त्यात पहिल्या रात्री मी जी बाजू घेतली, तिच्यावर मी आजही कायम आहे. वाद होता सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या 'रॉकी बाल्बोआ' या चित्रपटाचा.

आमच्या पिढीच्या नांदेडकरांना मुंबई दूर आणि हैदराबाद जवळ. निजामी अंमल १९४८ च्या सप्टेंबरात संपला, १९६० साली आम्ही महाराष्ट्राचे झालो, तरी लग्नाच्या कापडाची खरेदी, मोठ्या दवाखान्याची वारी आणि इंग्रजी चित्रपट या तिन्हींसाठी गाडी धरायची ती सिकंदराबादचीच. तेथेच, महसूल खात्यातील नोकरीची पहिली वर्षे चालू असताना, मी दोन मित्रांसह १९७६ चा मूळ 'रॉकी' पाहिला. संवाद निम्मेही उमगले नाहीत. परंतु मार्गशीर्षातल्या माळेगावच्या यात्रेत खंडोबाचे दर्शन घेऊन कुस्त्यांच्या फडाभोवती धुळीत बसलेल्या माणसास, फिलाडेल्फियाच्या गल्लीतला एक कफल्लक मुष्टियोद्धा जगज्जेत्यापुढे पंधरा फेऱ्या उभा राहतो आणि पंचांच्या दुभंगलेल्या निकालाने हरतो, यात न कळण्यासारखे काय होते? कथेचे बीज स्टॅलोनला मिळाले ते १९७५ च्या मार्च महिन्यात महंमद अलीसमोर चक वेपनर नावाचा कोणी खिजगणतीत नसलेला मल्ल पंधराव्या फेरीपर्यंत टिकला त्या लढतीतून, हे मला फार पुढे कळले. नायकाची भूमिका दुसऱ्या नामांकित नटास देण्याच्या अटीवर पटकथेसाठी मोठी रक्कम देऊ केली गेली असता, खिशात दमडी नसताना त्याने ती नाकारली आणि त्या भूमिकेत तो स्वतःच उभा राहिला. तो चित्रपट त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर घेऊन गेला. स्टॅलोन १९४६ चा, मी १९४८ चा. समवयस्काच्या यशाने मत्सर वाटावा अशा वयात मला त्याचा अभिमान वाटला, ही गोष्ट मी त्या चित्रपटाच्या जमेस धरतो.

पुढचे भाग व्हिडिओवर पाहिले. १९७९ च्या दुसऱ्यात तो जिंकला, १९८२ च्या तिसऱ्यात त्याचा वस्ताद मिकी गेला, १९८५ च्या चौथ्यात पहिल्या भागातला जगज्जेता आणि पुढे रॉकीचा मित्र झालेला अपोलो क्रीड रिंगणात मेला आणि रॉकीने रशियात जाऊन त्याचा सूड घेतला. प्रत्येक भागात प्रतिस्पर्ध्याचा देह मोठा होत गेला आणि माणूस लहान होत गेला, असे माझे मत आहे. १९९० च्या पाचव्यात रॉकीची संपत्ती गेली, मेंदूस इजा झाली, आणि अखेरची लढत रिंगणात न होता रस्त्यावरच्या मारामारीत झाली. तो शेवट आम्हां कोणासच रुचला नाही. स्वतः स्टॅलोनलाही तो मानवला नव्हता, हे त्याने पुढे उघडपणे सांगितले आहे.

म्हणून २००७ साली पुढल्या वर्षीच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते रुंद होत असताना, जुन्या ओळखीच्या भिंती एकामागून एक दिसेनाशा होत असताना, एका मित्राच्या मुलाने पुण्याहून आणलेली डीव्हीडी पाहण्यास आम्ही कूलरसमोर बसलो, तेव्हा उत्सुकतेपेक्षा धास्तीच अधिक होती. मंडळीत एक माजी पैलवान, एक दिवाणी वकील, मी, घरच्या वहिनी आणि तो महाविद्यालयीन मुलगा. चित्रपटाचा पूर्वार्ध अतिशय संथ आहे. रॉकीची पत्नी एड्रियन कर्करोगाने वारली आहे. रॉकी तिच्या नावाने उपाहारगृह चालवितो आणि गिऱ्हाइकांना आपल्या जुन्या लढतींच्या कथा सांगतो. तिच्या स्मृतिदिनी मेहुण्यास घेऊन जुन्या जागा धुंडाळीत हिंडतो, आणि जेथे त्याने आणि एड्रियनने बर्फावर पहिली फेरी मारली होती त्या जागी त्याला पाडलेल्या बांधकामाचा मलबा दिसतो.

मुलगा कंटाळला. त्याला रुची होती ती संगणकाने दूरचित्रवाणीवर जुळविलेल्या काल्पनिक सामन्यात, ज्यात ऐन भरातला रॉकी आजच्या विजेत्याशी, मेसन डिक्सनशी, लढतो आणि ज्यावरून पुढचा सारा प्रसंग उद्भवतो. त्याचे म्हणणे असे, की तेवढेच दाखविले असते तरी चालले असते. मी त्याला दोष देत नाही. ज्याने आधीचे पाच भाग सोसले नाहीत, त्याला देण्यासारखे या सहाव्याजवळ फार थोडे आहे.

वहिनींनी मात्र सर्वांत आधी एक गोष्ट हेरली, जी आम्हां पुरुषांच्या नजरेतून निसटली होती. दफनभूमीत एड्रियनच्या कबरीशेजारच्या झाडाच्या फांद्यांत रॉकीने एक घडीची खुर्ची अडकवून ठेवली आहे. तो येतो, खुर्ची उतरवितो, बसतो, तिच्याशी बोलतो आणि जाताना खुर्ची पुन्हा झाडावर ठेवितो. "रोज येत असंल तो. नाहीतर खुर्ची घरून आणली असती," त्या म्हणाल्या. एड्रियनला मारून टाकल्याबद्दल त्यांचा स्टॅलोनवर रोष होता, आणि तो अखेरपर्यंत कायम राहिला. पण ती नसल्याने चित्रपटात जी पोकळी झाली आहे ती कर्त्याने लपविली नाही, एवढे त्यांनी मान्य केले. चाहत्यांच्या मतांत या मताला मी फार वरचे स्थान देतो.

पैलवानांचा आक्षेप मुळावरच घाव घालणारा होता. "हा आता कामून लढायलाय?" त्यांनी विचारले. त्यांच्या मते मल्लाने लंगोट वेळेवर खुंटीला टांगावा आणि मग लाल मातीत दुसऱ्याला उभे करावे. त्यांनी दाखला दिला तो हरिश्चंद्र बिराजदारांचा. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि खेळणे थांबल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडविली. "बिराजदारमामांनी साठीत कुणाला आव्हान दिलं का? मोठेपणा त्यात असतो." त्यावर वकीलसाहेबांनी जॉर्ज फोरमन पुढे केला. १९७४ साली किन्शासात अलीकडून अजिंक्यपद गमावलेला फोरमन १९९४ च्या नोव्हेंबरात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, किन्शासात घातलेलीच लाल चड्डी घालून उतरला आणि सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवा करून ते पद परत घेऊन गेला. पैलवानांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाले, पंचेचाळीस वेगळे, साठ वेगळे. त्यांच्या या उत्तरात तथ्य आहे. डिक्सनची भूमिका करणारा अँटोनिओ टार्व्हर हा प्रत्यक्षातला विजेता. २००४ साली त्याने रॉय जोन्ससारख्यास दुसऱ्या फेरीत झोपविले होते. अशा माणसासमोर साठीला टेकलेला कोणीही दहा फेऱ्या उभा राहणार नाही, हे मी त्या रात्रीही कबूल केले.

पण माझ्या लेखी चित्रपटाचा प्राण लढतीत नव्हताच. तो होता परवान्याच्या प्रसंगात. डिक्सनचा प्रस्ताव येण्यापूर्वीची गोष्ट आहे ही. रॉकीला गावातल्या गावात लहानसहान सामने खेळावयाचे आहेत, म्हणून तो पेन्सिल्व्हानियाच्या क्रीडामंडळापुढे परवान्यासाठी हजर होतो. वैद्यकीय तपासण्यांत तो उतरला आहे. मंडळाने जे मागितले ते त्याने दिले आहे. तरी मंडळ अर्ज नामंजूर करते, आणि कारण देते त्याच्याच हिताचे. तो निघतो, दारातून परत फिरतो, आणि आपल्या तुटक, अडखळत्या वाणीने त्यांना विचारतो की मी अटी पुऱ्या केल्या असता तुम्ही मला कोणत्या आधारे अडविता.

माझे सारे आयुष्य अर्जांवर शेरे लिहिण्यात गेले. अटींची पूर्तता झालेला अर्ज नामंजूर करावयाचा तर कारण नमूद केले पाहिजे आणि ते कारण नियमात असले पाहिजे, हा कारभाराचा पहिला पाठ मला एका जुन्या सरिश्तेदारांनी दिला होता. २००६ साली, म्हणजे हा चित्रपट ज्या वर्षी निघाला त्याच वर्षी, मी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालो. त्याबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही, कारण अठ्ठावन्न हा आकडा नियमात लिहिलेला होता, नोकरीत शिरतानाच मला तो ठाऊक होता आणि तो सर्वांना सारखा लागू होता. मला सलले ते निराळेच. निवृत्तीनंतर घरात आणि घराबाहेर माझ्या वतीने लहान लहान निर्णय दुसरेच घेऊ लागले. उन्हात जाऊ नका, तेवढे जिने चढू नका, सभेत बोलण्याचा त्रास कशाला. आणि हे सारे प्रेमाने, माझ्याच हितासाठी. नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देताना मला अवघडल्यासारखे वाटले नाही, कारण तेथे नियम बोलत होता. करुणा जेव्हा नियमाच्या जागी येऊन बसते तेव्हा तिच्याविरुद्ध अपील कोठे करावे, हे मला उमगत नव्हते; आणि फिलाडेल्फियाचा तो अशिक्षित मुष्टियोद्धा दारातून परत फिरून नेमके ते अपील करीत होता. मंडळाने अखेर परवाना दिला, तेव्हा माझे डोळे भरून आले.

मग मी मंडळींना जे म्हणालो, तेच माझे या वादातील म्हणणे आहे. पाचव्या भागानंतर हा चित्रपट काढण्यास स्टॅलोनला वर्षानुवर्षे नकार ऐकावा लागला. आणि आम्ही चाहतेसुद्धा, चित्रपट पाहण्यापूर्वीच, त्याने आपली शोभा करून घेऊ नये, जुन्या नावाला बट्टा लावू नये, असे कळवळ्याने म्हणत होतो. म्हणजे आम्हीही त्याच मंडळाच्या बाकावर बसलेलो होतो. कलावंताने उशिरा काढलेले काम वाईट निघाले तर वाईट म्हणावे, निर्दयपणे म्हणावे. पण त्याने ते काढूच नये, असा हुकूम त्याच्या कीर्तीच्या हितासाठी देण्याचा हक्क चाहत्यास नाही. आणि या कर्त्याने ते काढण्याच्या आपल्या हक्काचा दुरुपयोगही केलेला नाही. रॉकी लास व्हेगासच्या त्या लढतीत पुन्हा दुभंगलेल्या निकालानेच हरतो, आणि निकाल पुरता पुकारला जाण्याआधीच रिंगणातून चालू लागतो. तीस वर्षांपूर्वी जेथून निघाला तेथेच त्याने कथा आणून सोडली. जिंकवून दाखविण्याचा मोह त्याला झाला नसेल, असे मला वाटत नाही.

पैलवान बधले नाहीत. शेवटी श्रेयनामावलीबरोबर फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या खरेखुरे लोक, पोरे आणि म्हातारे, धापा टाकीत चढून रॉकीसारखे हात उंचावताना दिसतात, ती दृश्ये त्यांनी लक्षपूर्वक पाहिली खरी. पण मत तेच. पुढे २०१५ साली 'क्रीड' आला, ज्यात रॉकी स्वतः लढत नाही आणि मृत मित्राच्या मुलाला शिकवितो, तेव्हा पैलवानांचा मला मुद्दाम फोन आला: "झाला की नाही शेवटी वस्ताद? हेच मी म्हणलो होतो." त्यांचे म्हणणे त्या दिवशी खरे ठरले, हे मी मान्य करतो. माझे म्हणणे एवढेच की २००६ सालची ती झुंज झाल्याखेरीज तो माणूस त्या तालमीच्या कडेला इतक्या शांतपणे उभा राहू शकला नसता; आणि यावर पैलवानांनी अजून उत्तर दिलेले नाही.