वाफसा

१५ जून २०२५ चा रविवार पवित्र त्रैक्याचा होता. मिस्सा संपल्यावर आम्ही नेहमीसारखे मोठ्या दारापाशी थांबलो नाही, बाजूच्या दाराने निघालो. आदल्या दिवशी ‘नीट’चा निकाल लागला होता आणि दारात कोण काय विचारणार हे आम्हाला ठाऊक होतं. पण बाजूच्या दाराशीही दोघीजणी उभ्या होत्याच. "मग, आता पुन्हा बसवणार का हिला?" थोरली आमच्या शेजारीच उभी होती. तिने तोंड उघडण्याआधी आम्हीच बोलून मोकळे झालो, "बघू, देवाची इच्छा असेल तसं."

घराकडे जाताना ती म्हणाली, "पप्पा, म्हणजे देवानेच मला पाडलं का?"

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात इतकी वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण या प्रश्नाला काही सुचलं नाही. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आम्ही विश्वासाने उच्चारले नव्हते, विचारणाऱ्यांपासून सुटका व्हावी म्हणून उच्चारले होते. आमची सुटका झाली, पण ते शब्द तिला जाऊन लागले.

तिचा हा दुसरा प्रयत्न होता. पहिला ५ मे २०२४ चा. ते वर्ष कुणी विसरलं नसेल. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ७२० पैकी ७२० मिळवणारे तब्बल ६७ निघाले. मग १५६३ मुलांना दिलेल्या वाढीव गुणांचा वाद, ते गुण रद्द, २३ जूनला त्या मुलांची फेरपरीक्षा, पेपरफुटीच्या बातम्या, आणि शेवटी २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संपूर्ण परीक्षा पुन्हा होणार नाही. सुधारित निकालात पूर्ण गुणवाले १७ उरले. आमच्या लेकीला ४९८ होते. जूनपासून ते सात आठवडे आमच्या घरात ना अभ्यास झाला ना विश्रांती. पुस्तक उघडलं की वाटायचं, आता कशाला? मिटलं की वाटायचं, परीक्षा पुन्हा झाली तर? संध्याकाळ झाली की सगळे टीव्हीसमोर.

न्यायालयाचा निर्णय आल्यावर चार दिवसांत आम्ही तिला भालकीहून गाडीत बसवलं आणि लातूरला एका क्लासमध्ये घातलं. उदगीरवरून जाणारी ही गाडी आमच्या भागातली किती मुलं अशीच घेऊन जाते! एवढी घाई का केली, तर रिकाम्या वर्षाची आम्हालाच भीती वाटत होती. तिला विचारलं होतं, असं आम्ही आजवर सांगत आलो. खरं असं, की आम्ही सांगितलं आणि ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याला आम्ही होकार म्हटलं. क्लासची तुकडी आधीच सुरू झाली होती, ती मागून जाऊन बसली.

यंदा तिला ४५० मिळाले. ४९८ चे ४५०! वर्ष गेलं, पैसे गेले आणि गुणही गेले, म्हणून घरात रडारड झाली. रात्री उशिरा तिनेच निकालाच्या कागदावर बोट ठेवून दाखवलं, की गुण ४८ नी कमी असले तरी देशातला तिचा क्रमांक गेल्या वर्षीपेक्षा बराच पुढे होता. यंदाचा पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाही ६८६ च होते. प्रवेश क्रमांकावर मिळतो, नुसत्या गुणांवर नाही. या वर्षाचे गुण त्या वर्षाच्या गुणांशी ताडून मुलांना बोलणाऱ्या आईबापांनी एवढं तरी समजून घ्यावं. आम्ही ते रडून झाल्यावर समजून घेतलं. सरकारी जागा तरीही हुकली, आणि खासगी कॉलेजची फी आमच्या आवाक्यातली नव्हती.

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायाकडे वळलो. पहिली नऊ वचनं. प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी, २३ मार्चला, हेच वाचन होतं आणि मुलांच्या वर्गात ते आम्हीच समजावलं होतं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती? प्रभू स्पष्ट सांगतो, नाही. कुणाच्या अंगावर बुरूज पडला म्हणून देवाने त्याला निवडून मारलं, असा हिशेब तो कुणाला करू देत नाही. (पश्चात्तापाचं तो सगळ्यांनाच सांगतो, उभ्या असलेल्यांना आधी.) हे वचन आम्ही तिला वाचून दाखवलं आणि दारातल्या उत्तराची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे." जेवण मात्र त्या रात्री तिने नीट केलं नाही.

त्याच वाचनात पुढे अंजिराचं झाड येतं. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक तोडायला सांगतो आणि माळी एका वर्षाची मुदत मागतो. हा दाखला आम्ही नेहमी देवाच्या धीरावर शिकवला. माळी नुसतं एक वर्ष मागत नाही हे या वेळी पहिल्यांदा नजरेत भरलं. त्या वर्षात आपण काय करणार ते तो सांगतो: भोवती खणणार, खत घालणार. मुदतीच्या शेवटी झाड तोडलं जाऊ शकतं हेही तो मान्य करतो. आम्ही २०२४ साली देवाकडे वर्ष मागितलं, आज्जीने वेलंकणी मातेला नवस बोलला, पण खणायचं कुठे हे कुणी पाहिलंच नाही. आणखी एक गोष्ट. अंजिराच्या झाडाला कुणी विचारत नाही, ते झाड आहे. आमची लेक झाड नाही.

निकालानंतरच्या आठवड्यात आमच्या मंडळीतले एक शेतकरी काका घरी आले होते. सोयाबीन-तुरीची शेती, पावसाने दगा दिल्यावर दुबार पेरणी करण्यात आयुष्य गेलेलं. पोरीचं ऐकून ते म्हणाले, "मास्तर, दुबार पेरणीला हात लई घाई करतो. गेलेलं बियाणं डोळ्यापुढं असतं ना. पण वाफसा नसताना पेरलं की दुसरंही जातं, मग तिसऱ्याला उसनवारी." आम्ही विचारलं, "आणि वाफशाची वाट पाहत बसलं तर?" ते हसले. "तर हंगाम जातो. मूग-उडदाचं तर जातंच."

इथे मात्र शेती आणि परीक्षा यांत फरक आहे. ‘नीट’ला पूर्वी पंचवीस वर्षांची वयोमर्यादा होती, राखीव गटांना तीस. २०२२ मध्ये ती काढून टाकली. कितीदा बसावं यालाही बंधन नाही. म्हणजे हंगाम जाण्याची जी भीती आम्ही घरात पोसली होती ती नियमात कुठेच नव्हती, ती नातेवाइकांच्या तोंडी होती. पण दार कधीच बंद होत नाही म्हणूनही मुलं अडकतात, चार-चार वर्षं. म्हणून माळ्याने स्वतःच घातलेली मुदत आम्हाला शहाणपणाची वाटली.

मग खणायला बसलो. एका रात्री तिने उत्तरतालिका आणि आपली उत्तरं समोर ठेवली. १८० पैकी १२४ बरोबर, ४६ चूक, १० कोरे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. त्या ४६ चुकांपैकी २४ एकट्या भौतिकशास्त्रात, आणि त्या विषयाचे प्रश्नच मुळात ४५! आम्हा दोघांचं शिक्षण कला शाखेचं, भौतिकशास्त्राशी दहावीनंतर गाठ पडलेली नाही, त्यामुळे आम्ही नुसतं ऐकत होतो. ती म्हणाली, यातले निम्मे तरी शेवटच्या पाऊण तासात घाबरून, अंदाजाने लावलेले आहेत. मग थोडं थांबून म्हणाली, "अकरावीचं मला तेव्हाच कळलं नव्हतं. क्लासमध्ये ते सगळ्यांना येतं असं धरून पुढे जायचे. मी हात वर केला नाही."

वर्षभर फोनवर आम्ही रोज विचारत होतो, "जेवलीस का, अभ्यास झाला का?" हे कधी विचारलं नव्हतं.

कागदपत्रांचंही तसंच. सीमाभागातल्या मुलांच्या डोक्यावर हे ओझं निराळंच असतं. बीदर-कलबुर्गी भागासाठी राज्यघटनेच्या ३७१ (जे) कलमाखाली इथल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांना आहेत, पण त्याचा दाखला वेळेत हातात लागतो. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी थोड्या जागा राखीव असतात, त्यांचे दाखले वेगळे. बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये कॅथलिक मुलांसाठी जागा आहेत, तिथे बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. क्रमांक सगळीकडे ‘नीट’चाच. हे सगळं निकालानंतर धावपळ करून गोळा करायचं नसतं. धर्मग्रामातल्या पालकांना आमची विनंती आहे की मूल पुन्हा बसो वा न बसो, हे दाखले पावसाळ्यातच काढून ठेवा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतं का तेही पाहा. आमच्या लेकीचं जुळत नव्हतं, आणि ती नोंद आमच्याच हातची!

या दिवसांत घरात पंडिता रमाबाईंचा विषय निघाला, तोही आम्हीच काढला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी भारतातल्या बायकांना स्त्री-डॉक्टर हव्यात असं मांडलं होतं. पुढच्या वर्षी वैद्यकशास्त्र शिकायचं ठरवून त्या इंग्लंडला गेल्या. तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होण्याचा मार्ग बंद झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियात होत्या. स्वतःला जे शिकता आलं नाही त्याची पदवी दुसरीला मिळताना पाहायला त्या एवढ्या लांब गेल्या. शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, बायबलचं मराठी भाषांतर हे सगळं नंतरचं. आम्ही हे सांगत गेलो, ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्यांना परत बसायची सोय नव्हती पप्पा. मला आहे. मला आत्ताच केडगावला नका पाठवू."

आम्ही गप्प बसलो. थोरांची उदाहरणं आपण मुलांना फार लवकर देतो. त्यांचं दुःख अजून ओलं असतं आणि आपल्याला शेवट सांगायची घाई झालेली असते.

जुलैत तिने बीदरला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पुन्हा कधी बसायचं हे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी तीच सांगेल, असं ठरलं. तोवर घरात कुणी विषय काढायचा नाही. लूकच्याच चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तसा आम्ही आमचा केला. लातूरचं कर्ज अजून फिटायचं आहे हे तिला आकड्यासह सांगितलं. पूर्वी लपवलं होतं. विषय काढायचा नाही हा नियम आज्जीने दोनदा मोडला, आम्ही एकदा.

३० नोव्हेंबरला दुपारी जेवताना तिने सांगितलं. येत्या मे महिन्यात ती बसणार नाही. अकरावीचं भौतिकशास्त्र बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाबरोबर मुळापासून करते आहे, ते उन्हाळ्याआधी पुरं होत नाही. २०२७ ला बसेल, घरी राहून, एकदाच. नाही झालं तर बी.एस्सी. हातात असेल. आज्जीने हिशेब केला, "म्हणजे डॉक्टर होईपर्यंत तू किती वर्षांची?" ती म्हणाली, "आज्जी, नाही झाले तरी तेवढ्याच वर्षांची होणार."

आमच्या मनात अजून धाकधूक आहे. २०२६ चा अर्ज निघेल तेव्हा आमचा हात पुन्हा घाई करील हे आम्हाला माहीत आहे, म्हणून हे लिहून ठेवतो आहोत. त्या दुपारी तिने एकच मागितलं: फादरांना आणि बाकीच्यांना हे तुम्हीच सांगा, मला दारात विचारायला नको. मग डबा घेऊन ती बीदरच्या बसला गेली. सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल होतं.