मालक रोज निराळा

गुरुवारी सेटवर आवाज खाली येतात. टीआरपीचा दिवस. कुणी कुणाला काही विचारत नाही, पण स्पॉटदादापासून दिग्दर्शकापर्यंत सगळ्यांचं लक्ष त्या आकड्याकडे. तो घसरत गेला की आधी ‘ट्रॅक बदलतोय’ असं कानावर येतं, मग ‘वेळ बदलतेय’, आणि एका संध्याकाळी कळतं की महिनाअखेरीस मालिका बंद. मी सहायक दिग्दर्शक. नायिकेच्या बांगड्यांपासून देवघरातल्या फुलांपर्यंत सगळी कंटिन्युइटी टिपणारी माझी वही त्या दिवशी मिटते. केलेल्या कामाचे पैसे यायला मात्र ९० दिवस असतात.

घोडबंदरच्या सेटवरून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरची लोकल, की तुर्भे. कामाच्या दिवसांत या गावात मी फक्त झोपायला येते. काम नसलं की ते मला दिसतं. पहाटे कांदा-बटाटा मार्केटकडे ट्रक वळतात, सालींचा उग्र वास रस्त्यावर पसरतो आणि माथाड्यांची टोळी गोण्या पाठीवर घेते. आज हा गाळा, उद्या तो. मालक रोज निराळा; माझाही असाच बदलता.

पण त्यांच्या पाठीशी अण्णासाहेब पाटलांचा लढा आहे, १९६९चा माथाडी कायदा आहे. व्यापाऱ्याने मजुरी माथाडी मंडळात भरायची, वर लेव्ही द्यायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. गाळा बदलला तरी मंडळातली नोंद तीच. माथाड्यांचे प्रश्न संपलेत असं नाही, पण अस्थिर कामालाही आधार देता येतो हे महाराष्ट्राने करून दाखवलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

आमच्यासाठी काय? १९८१चा सिने-कामगार कायदा चित्रपटांपुरता होता. कोरोनामुळे १९ मार्च २०२०पासून चित्रीकरणं थांबली तेव्हा रोजंदारीवरच्या कितीतरी लाइटमन-स्पॉटदादांच्या घरी मदतीच्या शिध्यावर चूल पेटली. त्याच वर्षीच्या कामगार संहितेने मालिकांतल्या माणसांना ‘दृक्श्राव्य कामगार’ म्हणून ओळख दिली, लेखी करार आणला. करार हवाच. पण तो दोन मालिकांमधले रिकामे महिने भरून काढत नाही.

चालू कामातून पुढचं भाडं बाजूला काढणं, डबिंगची, कार्यक्रमांची लहानसहान कामं घेणं, हे आम्ही सगळेच करतो. एकेकट्याच्या काटकसरीवर हा व्यवसाय किती काळ चालवायचा? मालिकांसाठीही माथाडी मंडळासारखं मंडळ व्हावं, निर्मात्यांनी मजुरी आणि लेव्ही तिथे भरावी. आपल्या संघटनांनी ही मागणी आता सरकारपुढे ठेवावी.